रात्री अकरा ते तीन टक्क जागी: नवजात बाळाची झोप कशी बसवायची?

अर्धीझोप

लेक तीन आठवड्यांची झालीये. दिवसा अशी गाढ झोपते की पाजायला उठवावं लागतं, आणि रात्री अकराला जे टक्क डोळे उघडते ते तीन-साडेतीनपर्यंत. दर वेळी रडतेच असं नाही. नुसती बघत बसते, हातपाय झाडते, मग एकदम भूक, मग ढेकर, मग शी, की पुन्हा भूक. कुशीत घेतलं की पेंगते, अंथरुणावर ठेवलं की दोन मिनिटांत डोळे उघडे. नवरा आणि मी आळीपाळीने खांद्यावर घेऊन घरभर फेऱ्या मारतो. वजन चांगलं वाढतंय, डॉक्टर म्हणतात बाळ ठणठणीत आहे.

सल्ल्यांना तोटा नाही. दिवसा झोपूच देऊ नकोस. रात्री वरचं दूध दे, पोट भरलं की झोपेल. रडू दे, आपोआप शिकेल. उचलायची सवय तूच लावून ठेवलीस. यातलं एकाचं ऐकावं तर दुसरा नाराज, म्हणून इथे विचारतेय.

उलटी झालेली दिवस-रात्र सुलटी कशी करायची? खाली ठेवलं की उठते, त्यावर काही उपाय आहे का? आणि हे किती दिवस चालणार? धीर देण्यापुरतं नको, खरं सांगा.

निशाचर

वाचनखूण साठवली आहे. आमच्याकडे दोन महिन्यांनी आगमन. प्रतिसाद वाचून आत्ताच घाम फुटेल असं वाटतंय, तरी वाचणार.

सावली

अभिनंदन गं! आधी एक गोष्ट मनातून काढून टाक, की तिने दिवस-रात्र उलटी केलीये. तिच्या लेखी दिवस आणि रात्र असा फरकच अजून नाही. पोटात असताना मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक, तिला तुझ्या रक्तातून मिळत होतं. नाळ कापली की ते बंद. तिचं स्वतःचं मेलाटोनिन ठरावीक वेळी, अंधार पडल्यावर तयार व्हायला साधारण दोन ते तीन महिने लागतात. तोवर चोवीस तासांत चौदा ते सतरा तास झोप होते, पण दोन-दोन, तीन-तीन तासांच्या तुकड्यांत, आणि ते तुकडे कुठेही पडतात. तुझ्या नशिबी मोठे तुकडे दिवसा आलेत, एवढंच.

मग आपण काय करायचं? शरीरातलं घड्याळ आपोआपच तयार होतं, पण त्याला खुणा लागतात, आणि सगळ्यात मोठी खूण उजेड. सकाळी ठरावीक वेळेला पडदे सरकव, तिला उजेडाच्या खोलीत आण. थेट उन्हात नको, खिडकीजवळचा उजेड पुरतो. दिवसा झोपली तरी खोलीत अंधार करू नकोस, घरातले आवाज नेहमीसारखे चालू दे. पाजताना तिच्याशी बोल, गाणी म्हण, तोंडं वेडावून दाखव.

रात्री याच्या बरोबर उलट. मिणमिणता दिवा, तोही तिच्या डोळ्यांवर येणार नाही असा. बोलायचं नाही, नजरेला नजर भिडवून खेळवायचं नाही. लंगोट शीचा असेल तर बदलायचा, नुसता थोडा ओला असेल आणि अंगावर पुरळ नसेल तर तिला पूर्ण जागं करून बदलायची गरज नसते. आणि अकराला तिने टक्क डोळे उघडले की तुम्ही दोघं मोबाईल काढून फोटो काढत असाल तर ते बंद! (मला माहितीये, काढताच.)

अजून एक. अंगावरच्या दुधातही हे घड्याळ असतं. रात्रीच्या दुधात मेलाटोनिन असतं, दिवसाच्यात जवळजवळ नसतंच. दूध काढून ठेवत असशील तर बाटलीवर वेळ लिही आणि रात्रीचं दूध शक्यतो रात्रीच दे.

शंकासूर

सावलीच्या प्रतिसादाशी सहमत, पण "किती दिवस" या प्रश्नाला जरा नीट भिडू या, कारण खरी फसवणूक तिथे होते.

"आमचं बाळ तिसऱ्या महिन्यात रात्रभर झोपायला लागलं" असं कुणी म्हटलं की रात्रभर म्हणजे किती ते विचारावं. मूर आणि उको यांचा १९५७चा जुना अभ्यास यावर कायम सांगितला जातो. त्यात रात्रभर झोपणं म्हणजे मध्यरात्री बारा ते पहाटे पाच. पाच तास! साडेदहाला झोपून बारापूर्वी एकदा आणि पाचनंतर एकदा उठलेलं बाळही त्या हिशेबात "रात्रभर झोपलं" ठरतं. आपण मात्र डोळ्यांसमोर दहा ते सहा आणतो आणि मग आपल्याच बाळात काही खोट आहे असं वाटत राहतं.

कॅनडात मॅकगिल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये जे छापलं त्यात सहा महिन्यांच्या बाळांपैकी ३८ टक्के सलग सहा तास झोपत नव्हती, आणि ५७ टक्के सलग आठ तास झोपत नव्हती. एक वर्षाच्या मुलांतही सलग सहा तास न झोपणारी २८ टक्के निघाली. आणि झोपणाऱ्या आणि न झोपणाऱ्या बाळांच्या वाढीत किंवा आयांच्या मनःस्थितीत त्यांना फरक सापडला नाही. तेव्हा तीन आठवड्यांच्या पोरीबद्दल खरं उत्तर असं: सहा-आठ आठवड्यांनंतर रात्रीचा एखादा तुकडा लांबू लागेल, तीन-चार महिन्यांत दिवस-रात्रीचा फरक स्पष्ट दिसेल, आणि पूर्ण रात्र हे प्रकरण पुढच्या वर्षावर सोडून द्या.

निशाचर

घाम फुटला.

आज्जीबाई

उचलायची सवय लागते म्हणे! नऊ महिने सतत कुणाच्या तरी अंगात राहिलेलं पोर ते. बाहेर आल्याबरोबर त्याने एकटं पडून राहायचं आणि वर शहाण्यासारखं झोपायचं? खुशाल उचल गं बाई. तीन आठवड्यांचं बाळ लाडावत नसतं.

फक्त एक सांगते. आमच्या वेळी डॉक्टरच सांगायचे, पालथं झोपवा, शांत झोपतं. आणि खरंच झोपायचं. आता म्हणे चालत नाही.

रात्रपाळी

आज्जी, पहिल्या परिच्छेदाला शंभर गुण. दुसऱ्यासाठी मात्र मला मोठा प्रतिसाद लिहावा लागणार. (मी नवजात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. इथे मोफत सल्ला, पण तपासणी तुमच्या डॉक्टरांचीच.)

पालथं बाळ गाढ झोपतं हे खरंच आहे, आणि धोका तिथेच आहे. श्वासाला अडथळा आला किंवा श्वास मंदावला तर बाळाने चुळबुळ करून जागं व्हायला हवं. पालथं असताना ते जागं होणं कमी होतं. झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांमध्ये पालथी झोपवलेली बाळं जास्त आहेत हे ऐंशीच्या दशकाअखेर स्पष्ट होत गेलं. ब्रिटनमध्ये १९९१ला आणि अमेरिकेत १९९४ला पाठीवर झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याच्या आसपास कमी झाले. एवढ्या साध्या गोष्टीने एवढा फरक पडल्याची उदाहरणं आमच्या क्षेत्रात फार नाहीत. हा धोका दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात सगळ्यात जास्त असतो. म्हणजे बाळ जरा मोठं झालं, आता चालेल, असं वाटतं नेमकं तेव्हा.

म्हणून दर झोपेला पाठीवर, दिवसाच्या डुलकीलाही. कुशीवर नाही, कुशीवरून पालथं व्हायला वेळ लागत नाही. गादी सपाट आणि कडक. उशी, रजई, मऊ खेळणी, कडेने लावायच्या गाद्या, काहीही नको. झोपायची जागा रिकामी दिसायला हवी. पहिले निदान सहा महिने बाळ तुमच्याच खोलीत, पण स्वतःच्या जागेवर. घरात कुणी सिगारेट ओढत नको. गाडीच्या बाळासनात किंवा तिरक्या आरामखुर्चीत झोप लागली तर पोहोचल्यावर सपाट जागी ठेवा, कारण तिथे हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट दबते.

आता अर्धीझोप, तुझ्या बाळाकडे येते. नवजात बाळाची निम्मी झोप चळवळी असते. रात्री नीट बघ: पापण्यांखाली बुबुळं फिरताना दिसतील, ओठ चोखल्यासारखे हलतील, मधेच हसू, मधेच कपाळाला आठ्या, कण्हल्यासारखा आवाज, एक हात एकदम वर, श्वास भरभर आणि मग क्षणभर काहीच नाही. नव्या आईबापांना वाटतं बाळ उठलं. ते झोपलेलं असतं! मोठी माणसं आधी शांत झोपेत जातात, ही बाळं चळवळ्या झोपेतूनच आत शिरतात, आणि तासाभराच्या आत एक फेरा पुरा करून पुन्हा तिथेच येतात. तिथे आपण घाईने उचललं की झोपलेलं बाळ आपणच उठवतो. आवाज आला की हात पुढे न करता आधी बघ. डोळे मिटलेले असतील तर थोडं थांब. रडणं चढत गेलं, मूठ तोंडाकडे गेली, मान इकडेतिकडे शोधायला लागली की मग घे, तेव्हा मात्र उशीर करू नकोस, कारण भुकेने कडाडून रडणारं बाळ धड पीतही नाही.

श्वासात पाच-दहा सेकंदांचा खंड या वयात दिसतो. वीस सेकंदांच्या वर गेला किंवा ओठ निळे पडले तर थांबायचं नाही, तडक दवाखाना.

डबलड्यूटी

जुळ्यांचा बाप बोलतोय. बाकी सगळं मान्य, पण धाग्यात आईबापांच्या झोपेचा विचार कुणी केलेला नाही, आणि माझ्या मते नव्वद टक्के प्रश्न तोच आहे. बाळाची झोप पुरेशी होतेच आहे. तुमची होत नाहीये.

दोघं मिळून जागणं हा शुद्ध वेडेपणा. "आळीपाळीने फेऱ्या" म्हणजे एक फेऱ्या मारतो आणि दुसरा पडल्यापडल्या कान देऊन असतो, बरोबर ना? आम्ही रात्र कापून वाटून घेतली. नऊ ते दीड ती दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायची. या वेळात बाळं माझी. पाजायची वेळ झाली की काढून ठेवलेलं दूध, नाहीतर तिच्याकडे नेऊन पाजून परत आणायची. ढेकर, लंगोट, झोपवणं सगळं माझ्याकडे. दीडनंतर अदलाबदल. सलग चार तास झोप मिळाली की माणूस माणसात येतो. ज्याची पाळी नाही त्याने कानात बोळे घालायलाही लाजू नये.

ठेवलं की उठते, यावर जपानच्या रिकेन संस्थेतल्या लोकांनी २०२२ मध्ये प्रयोग केलाय. एकवीसच बाळं होती, तेव्हा ब्रह्मवाक्य समजू नका. रडणाऱ्या बाळाला घेऊन पाच मिनिटं एका लयीत चालायचं, मधे झटक्याने थांबायचं-वळायचं नाही. सगळ्यांचं रडणं थांबलं, जवळजवळ निम्मी झोपली. पण लगेच खाली ठेवलेल्यांपैकी तिसऱ्या हिश्शाहून जास्त बाळं वीस सेकंदांत जागी. गंमत अशी की पाठ गादीला टेकल्याने नाही, आईच्या अंगापासून सुटायला लागल्याबरोबर त्यांच्या हृदयाचे ठोके बदलत होते. उपाय: झोप लागल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटं बाळाला घेऊन नुसतं बसून राहायचं, मग ठेवायचं. मी त्यात भर घातली ती अशी की आधी पाय आणि ढुंगण टेकवायचं, मग पाठ, सगळ्यात शेवटी डोकं, आणि छातीवर तळवा तसाच थोडा वेळ. अंग एकदम उचलायचं नाही, आधी आपली छाती लांब न्यायची, हात सर्वांत शेवटी. दोघांपैकी एकावर चालायचं. दुसरा आईलाही भीक घालायचा नाही.

रात्रपाळी

ते बसून राहायचं तेव्हा सोफ्यावर नको. थकलेल्या माणसाचा डोळा लागला की बाळ सोफ्याची गादी आणि पाठ यांच्या फटीत सरकतं, ही सगळ्यात धोक्याची जागा. पाजता पाजता झोप येईल असं वाटत असेल तर उशा-पांघरुणं बाजूला केलेल्या पलंगावर बसून पाजणं त्यातल्या त्यात बरं, आणि जाग आल्याबरोबर बाळ त्याच्या जागी. झोपेचं औषध किंवा दारू घेतलेली असेल तर बाळ शेजारी घेऊच नये.

अर्धीझोप

सगळ्यांचे आभार! शंकासूर, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. तो म्हणाला "पाच तास?!" आणि मग बराच वेळ गप्प.

पाळ्यांची कल्पना आजपासून. कण्हण्याचं तर अगदी तस्संच आहे, ओठ हलवते, एक हात वर करते, आणि आम्ही दोघं धावतो.

आणखी विचारायचंय. दुपट्यात घट्ट गुंडाळू का? पंख्याच्या घरघरीसारखा आवाज लावायचं यंत्र कुणी देऊ केलंय, लावू का? आणि वरच्या दुधाचं काय, एक नातेवाईक रोज विचारतात.

सावली

वरच्या दुधाने बाळ रात्रभर झोपतं याला काही अर्थ नाही. या वयात दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजावं लागतं आणि रात्रीचं पाजणं दूध टिकायलाही मदत करतं. दुधात पीठबीठ घालून घट्ट करणं तर अजिबात नको, त्याने झोप वाढत नाही, ठसका मात्र लागू शकतो. सहा महिन्यांपर्यंत दूधच. मध एक वर्षाच्या आत चाटवायचासुद्धा नाही. नातेवाइकांना सांग, डॉक्टरांनी नाही म्हटलंय. डॉक्टर हा शब्द या कामी फार उपयोगी पडतो.

संध्याकाळी मात्र बऱ्याच बाळांना तासा-तासाने पाजावं लागतं. दूध कमी पडतंय असं समजून घाबरू नकोस. वजन वाढतंय, दिवसाला सहा-सात ओले लंगोट होतायत, म्हणजे दूध पुरतंय. आणि दिवसा तीन तासांच्या वर झोपली तर पाजायला उठव, ते करतेयस ते बरोबरच आहे. दिवसा पोटात जास्त गेलं की रात्रीचा वाटा हळूहळू कमी होतो. पण "दिवसा झोपूच देऊ नकोस" हे साफ चूक. इतक्या लहान बाळाला जागं होऊन पाऊण-एक तास झाला की झोप येतेच. ती वेळ टळली की ते किरकिरं होतं आणि झोपणं आणखी अवघड.

रात्रपाळी

गुंडाळायला हरकत नाही, दचकून हात उडतात आणि जाग येते ती त्याने कमी होते. छातीवर आपला पंजा आत जाईल एवढं सैल, कमरेखाली तर अगदीच सैल, पाय बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत, नाहीतर खुब्यांना त्रास. गुंडाळलेलं बाळ फक्त पाठीवर. वळायचा प्रयत्न करताना दिसलं त्या दिवशी गुंडाळणं बंद. वजन भरलेली दुपटी मिळतात ती घेऊ नका. गरम होतंय का ते मानेमागे हात लावून बघा. हातापायांचे तळवे गार असतातच.

आवाज लावायचा तर यंत्र बाळापासून दोन मीटर तरी लांब, आवाज बारीक. त्याशिवाय झोपत असेल तर कशाला?

जुनाखोडकर

सगळे फार हळवे झालेत. आमच्या मुलाला पहिल्या महिन्यापासून ठरावीक वेळी खोलीत ठेवायचो आणि दार लावायचो. आठवड्यात गप्प झोपायला लागला. रडल्याने कुणी मरत नाही.

शंकासूर

खोडकर साहेब, स्वतःहून झोपायला शिकवण्याच्या ज्या पद्धती आहेत त्यांची भलामण करणारेसुद्धा चार-सहा महिन्यांच्या आधी हे करू नका म्हणतात. पहिल्या महिन्यात बाळ रडतं ते बहुतेकदा भुकेने, आणि त्या वयात झोपायची सवय लागायला लागणारी यंत्रणाच तयार नसते. सहा महिन्यांच्या बाळाबद्दल वेगळा धागा काढा, तिथे मी कदाचित तुमच्या बाजूने भांडेन.

रात्रपाळी

शंकासूरांना +१. मात्र एक जोड. रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिखर गाठतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. त्यात एखाद्या रात्री डोकं फिरेल, संताप येईल. तसं वाटलं तर बाळाला पाठीवर, रिकाम्या सपाट जागी ठेवून दार ओढून घ्यायचं आणि पाच-दहा मिनिटं बाहेर थांबायचं. रडेल, रडू दे. हे शिकवणं नव्हे, ही बाळाची सुरक्षितता आहे. बाळाला जोरात हलवायचं कधीही नाही, मेंदूत रक्तस्राव होतो.

ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा वर, पिण्यासाठी जागंच न होणं, दिवसाही अंग ढिलं पडणं, पिवळेपणा वाढणं: तीन महिन्यांच्या आत यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. आणि अर्धीझोप, बाळ झोपलं असतानाही तुला झोप लागत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर ते जागरणाच्या नावावर खपवू नकोस. डॉक्टरांना सांग, त्यावर उपचार आहेत.

आज्जीबाई

पालथं झोपवायचं नाही, कळलं. पण जागं असताना पोटावर ठेवायला हरकत नाही ना? मान धरायला शिकतात.

रात्रपाळी

हरकत नाहीच आज्जी, ठेवायलाच हवं. जागं असताना, समोर माणूस असताना, थोडा थोडा वेळ. सुरुवात आपल्या छातीवर घेऊनही चालते.

अर्धीझोप

काल पाळ्या लावल्या. अकराला उठलीच. पण दिवा मंद, बोलणं नाही, नवऱ्याने फेऱ्या मारून मग खुर्चीत बसून वाट बघितली. ठेवल्यावर कण्हली, त्याने हात मागे घेतला, आणि ती पुन्हा झोपली. नंतर दोनला उठली ती उठलीच, तिथे काही उपाय चालला नाही. तरी मी नऊ ते एक झोपले आणि सकाळी चक्क भूक लागली.

मधुमालती

धागा वाचतेय पहिल्यापासून. आमचा मुलगा पाच आठवडे आधी जन्मला, आता सात आठवड्यांचा आहे. सहा-आठ आठवड्यांनी तुकडे लांबतात म्हणता, आमच्याकडे काहीच चिन्ह नाही. आणि डॉक्टर अजून रात्री उठवून पाजायला सांगतात. मग रात्र झोपेची कशी होणार?

रात्रपाळी

त्याचं वय डॉक्टरांनी दिलेल्या प्रसूतीच्या मूळ तारखेपासून मोजा. झोपेच्या हिशेबाने तो दोन आठवड्यांचाच आहे, तेव्हा तुकडे लांबायला अजून महिना-दीड महिना आहे. लवकर जन्मलेली बाळं भूक लागली तरी नीट जागी होत नाहीत, म्हणून उठवायला सांगतात. डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत गजर लावून उठवायचं. उजेड-अंधाराचं सगळं आत्तापासून करा. रात्रीचं पाजणंही अंधुक उजेडात आणि न बोलता होऊ शकतं. फार पेंगत असेल तर दुपटं सोडा, तळपाय चोळा, लंगोट पाजण्याच्या मधोमध बदला, म्हणजे दुसऱ्या बाजूला तरी नीट पिईल.